एकदाच वाजणारी कॅसेट

“बाबा, काहीही विचारलं तरी ‘नाही’ दाबायचं. कळलं?”

“कळलं.”

“तुम्ही कुठे राहता विचारेल, फायली आमच्याकडे साठवू का विचारेल, जाहिराती दाखवू का विचारेल. सगळ्याला नाही.”

“अरे, कळलं म्हटलं ना! मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

चिरंजीवांनी फोन ठेवला आणि मी त्या नव्या सिस्टीमसमोर एकटा उरलो. रविवारी घरी आला तेव्हा त्यानेच ती घातली होती. जुनी म्हणे धोक्याची झाली होती, कंपनीने तिच्यावरचा हात काढून घेतला होता. चौदा वर्षं माझ्याशी इमानाने वागलेलं यंत्र एका दुपारीत धोक्याचं कसं झालं, हे मला अजून समजलेलं नाही. पण पोराने जेवणही बाजूला ठेवून तीन तास खपून ते केलं, त्यामुळे तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती.

मी टेपवाला. अडतीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. मग लोकांचे टेपरेकॉर्डर संपले, पाठोपाठ दुकान संपलं. आता घराच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. कुणाच्या लग्नातली भाषणं, कुणाच्या पोराचे पहिले बोबडे बोल, कुणाच्या आजोबांनी साहेब निवृत्त झाले तेव्हा केलेली लांबलचक स्तुती. डेक माझा स्वतःचा, दोनदा पूर्ण उघडून बांधलेला. डेकमधून वायर निघते ती एका लहान डबीत जाते, डबीतून कॉम्प्युटरमध्ये. एवढाच माझा कारखाना.

नव्या सिस्टीमने आल्या आल्या डबीला ओळख दाखवायचं नाकारलं. सोमवारचा अख्खा दिवस त्यात गेला. मंगळवारी डबी ओळखली, तर माझा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडेना. ‘हा या सिस्टीमवर चालणार नाही.’ का नाही चालणार? कालपरवापर्यंत चालत होता की! बुधवारी चिरंजीवांनी लांबूनच माझ्या पडद्यावर शिरून त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती उतरवून दिली. तिच्यात सगळी बटणं जागा सोडून बसलेली. ती उघडून बघेपर्यंत सिस्टीमला स्वतःचंच काहीतरी सुधारायची लहर आली. पडद्यावर चौतीस टक्के असा आकडा, आणि खाली ताकीद, बंद करू नका. मी चहा प्यायलो, पेपर वाचला, दाढी केली. आल्यावर पाहतो तर पस्तीस.

“नवी सून आलीय समजा,” ही दारातून म्हणाली. “तिला डबे कुठे आहेत माहीत नाही, तुम्हाला तिने कुठे ठेवलेत ते माहीत नाही. आठ दिवस द्या.”

“आठ दिवस नाहीत माझ्याकडे. उद्या सहा वाजता सिस्टर यायच्या आहेत.”

“मग त्यांना सांगा, पुढच्या आठवड्यात या.”

“नाही सांगणार.”

हिने पुढे ताणलं नाही. सिस्टरच्या कॅसेटचं तिला माहीत होतं.

सिस्टर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या वॉर्डाच्या सिस्टर. पंचावन्नच्या पुढच्या, केस पांढरे, उलटं घड्याळ छातीवर पिनेने लावलेलं. गेल्या आठवड्यात आल्या त्या रुमालात गुंडाळलेली कॅसेट घेऊन. त्यांची आई महिन्यापूर्वी गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, ही कॅसेट निघाली. वर काही लिहिलेलं नव्हतं, पण आपल्याकडे अशी कॅसेट आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. वडील लांब डोंगरात बोगदा खणायच्या कामावर होते. लिहिता येत नव्हतं. म्हणून साहेबांच्या टेपरेकॉर्डरवर बोलून ती कॅसेट त्यांनी सुट्टीवर निघालेल्या सोबत्याबरोबर घरी पाठवली. त्यानंतर तीन महिन्यांनी बोगद्यात छत खाली आलं. सिस्टर तेव्हा चार वर्षांच्या होत्या.

“आईनं ती लावलीच नाही कधी,” सिस्टर म्हणाल्या. “आधी घरात यंत्र नव्हतं. पुढे यंत्र आलं, तर म्हणायची, बघू नंतर. फोटो आहे बाबांचा माझ्याकडे. आवाज नाही आठवत. अजिबात नाही आठवत हो काका.”

मी कॅसेट उजेडात धरली. पेटीत कधीतरी पाणी शिरलेलं होतं. पट्टीच्या कडा पांढुरक्या झालेल्या, आणि तिच्यावरचा तपकिरी थर बोटाला लागत होता.

“सिस्टर, खरं सांगू का? पट्टी कुजलीय. दुसऱ्या खोक्यात घालून ती फिरवता येईल, पण डेकच्या हेडवरून, म्हणजे आवाज वाचणाऱ्या तुकड्यावरून, गेली की थर खरवडून निघणार. आवाज त्या थरातच असतो. ही एकदाच वाजेल.”

“एकदा पुरे,” त्या म्हणाल्या. “एकदा वाजताना तुम्ही उतरवून घ्या. मग मी हवी तेवढ्या वेळा ऐकीन. हो ना?”

“हो,” मी म्हणालो. “गुरुवारी सहाला या.”

गुरुवारी सकाळी दहाला बसलो. आधी डबी परत हरवली होती. वायर काढ, वायर घाल, कॉम्प्युटर बंद कर, चालू कर, ‘स्वागत आहे’ वाच. चार दिवसांत त्याने माझं इतकं स्वागत केलं की सासुरवाडीतही कधी झालं नव्हतं. दोन वाजता डबी दिसली. जेवण टेबलावर गार झालं होतं, ते तसंच गिळलं. अडीचला प्रोग्रॅम उघडला, आणि लागली प्रश्नांची रांग.

तुमचं ठिकाण पाहू का? नाही. फायलींची प्रत आमच्याकडे ठेवू का? नाही. हा प्रोग्रॅम मायक्रोफोन वापरू इच्छितो, परवानगी आहे का?

“मायक्रोफोन?” मी मोठ्यानेच म्हणालो. “इथे मायक्रोफोन आहेच कुठे, बाबा? माझा आवाज वायरीतून येतो.”

नाही. अडचणींचा अहवाल पाठवू का? नाही, नाही, नाही.

शेवटी खिडकी मोकळी झाली. तांबडं बटण दाबलं, ते पेटलं. खाली सेकंद पळू लागले. मी थांबवलं, सगळं शून्यावर आणलं आणि सिस्टरची कॅसेट डेकमध्ये घातली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लपवून काही उपयोग नाही. दुकानात माझ्या हाताखाली जितके शिकले, त्या सगळ्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगायचो. दहा सेकंद भर, मागे घे, ऐक, मगच काम सुरू कर. ज्याने ऐकलं नाही त्याला मी घरी पाठवलेलं आहे. त्या दिवशी मी ते केलं नाही. बटण पेटलं, सेकंद पळाले, मला वाटलं झालं. चार दिवसांचा वैताग होता, घड्याळ पुढे चाललं होतं. पण ही कारणं दुसऱ्या कुणी दिली असती तर मी ऐकून घेतली नसती.

दोन सवयी तर जुन्याच होत्या. टेप चालू असताना मी पडदा बंद करतो, कारण तो चालू असला की वायरीत बारीक गुणगुण येते. आणि ऐकतो ते थेट डेकला हेडफोन लावून. कॉम्प्युटरच्या पोटातून फिरून आलेला आवाज मला शिळा वाटतो. मी ऐकतो ताजा.

तांबडं बटण दाबलं. पडदा बंद केला. कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग एकदम, अगदी कानाशी, “हॅलो. हॅलो. लागलं का रे हे?” लांबून कुणीतरी, “लाल दिवा लागला म्हणजे लागलं.” डेकवरचे दोन्ही काटे छान डुलत होते. आवाज इतका साफ निघाला की मला पोटातून बरं वाटलं. पाण्यातून निघालेल्या पट्टीवर एवढं शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

“तर, मी बरा आहे,” असं म्हणून तो माणूस बराच वेळ थांबला. मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. मग म्हणाला, “तू जा रे बाहेर. तू असल्यावर मला बोलता येत नाही.” दार लागलं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घेताना मनातलं सांगता येत नाही, म्हणून हे यंत्र मागितलं, असं त्याने बायकोला सांगितलं. बूट आतून ओले, बाहेरून ओले, एवढीच तक्रार. पुढे तो जे बोलला ते नवऱ्याने बायकोशी बोलायचं असतं ते. मी इथे सांगणार नाही. हेडफोन काढून ठेवावेत असं वाटलं, पण काम होतं.

मग त्याने मुलीला हाक मारली. ठकू म्हणत होता तिला. वरच्या फळीवर तो झोपतो, खालच्या फळीवर झोपणारा घोरतो, ते ऐकायचंय का तुला, असं विचारून हा पठ्ठ्या यंत्र उचलून त्या झोपलेल्या माणसापाशी गेला. चांगलं अर्धा मिनिट घोरणं भरून आणलं. मध्ये याचं दाबलेलं हसू. मीही हसलो, एकटाच, मागच्या खोलीत.

तेवीस मिनिटांनी पट्टी संपली. हेडवर कापूस फिरवला, तपकिरी भुकटी निघाली. पट्टी उजेडात धरली तर जागोजागी तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. मी म्हटलं, जाऊ दे, तिचं काम तिने केलं.

पडदा चालू केला. तेवीस मिनिटं अकरा सेकंदांची फाइल तयार होती. तिच्या मधोमध एक सरळ रेघ. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही.

मी फाइल वाजवली. काही नाही. आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. डबी हलवली, वायर दाबली, जणू वायर दाबून गेलेलं परत येणार होतं. मग कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. खरखर आली. मधे एकदा ‘…लाल…’ एवढं ऐकू आलं आणि पुन्हा खरखर.

चिरंजीवांना फोन केला. ते पडद्यावर आले, दोन मिनिटं इकडेतिकडे फिरले.

“बाबा, मायक्रोफोनला परवानगी दिली नव्हतीत?”

“मी मायक्रोफोन लावलाच नव्हता! वायर आहे माझी, वायर!”

“हो, पण नवीन सिस्टीमला सगळं सारखंच. बाहेरून आत येणारा कुठलाही आवाज म्हणजे तिच्या लेखी मायक्रोफोन. परवानगी नसली की ती शांतता भरते.”

“आणि सांगत नाही? भरताना सेकंद मोजते, लाल दिवा लावते, आणि आत काही नाही हे सांगत नाही?”

तो हळूच म्हणाला, “बाबा, मीच सांगितलं होतं ना, सगळ्याला नाही म्हणा.”

“तू सांगितलं होतंस. पण दाबलं मी. ऐकून बघितलं नाही तेही मीच. तू ठेव आता.”

साडेचार वाजले होते. ही येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी सगळं सांगितलं.

“पट्टी कुजलेलीच होती ना?” ती म्हणाली. “कोरी निघाली म्हणा. त्यांना तरी काय, वाईट वाटेल, पण तुमच्यामुळे झालं असं नाही वाटणार. कुणाला कळणार आहे?”

तो विचार माझ्या डोक्यात तिच्या आधी येऊन गेला होता. वाक्यसुद्धा जुळवून झालं होतं, ‘सिस्टर, पाण्याने सगळं नेलं हो.’ सोपं होतं. खोटंही पुरतं नव्हतं. दीड तास मी ते वाक्य तोंडात घोळवत बसलो.

सिस्टर सहाला पाच मिनिटं असताना आल्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, चपला दारात काढताना भिंतीला धरलं. नवा पेनड्राइव्ह आणला होता, अजून वेष्टनातला.

“निघाला का आवाज?” बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

“निघाला,” मी म्हणालो. ते वाक्य राहिलं बाजूलाच. “स्वच्छ निघाला. पण उतरला नाही. चूक माझी आहे.”

मग मी सांगत गेलो, परवानगी, बटण, बंद पडदा, ऐकून न बघणं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मधेच थांबवून म्हणाल्या, “म्हणजे आता तो कुठेच नाही?”

“नाही.”

“तुम्ही ऐकलात?”

“हो.”

“सगळा?”

“सगळा.”

“आणि मी नाही,” त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि चेनवरच बोट ठेवून बसल्या. हिने पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही. मला अडतीस वर्षांत कधी इतकी लाज वाटली नव्हती, आणि ती कुणापासून लपवायचीही इच्छा नव्हती.

मग त्यांनी पर्स पुन्हा उघडली. एक घडी घातलेला कागद काढला. वॉर्डाचा छापील तक्ता होता, मागची बाजू कोरी. खिशाला अडकवलेलं पेन काढलं.

“हं. सांगा,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीपासून. गाळू नका काही.”

मी सांगितलं. त्या वॉर्डात पेशंटची हकिगत लिहून घ्यावी तसं लिहीत होत्या. किती वेळ थांबले? मागे आवाज कसला? पंप, बरं. आईला काय म्हणाले? ते सांगताना मी अडखळलो. त्या म्हणाल्या, “काका, मी तीस वर्षं नर्स आहे. सांगा.” मग तेही सांगितलं. खाली मान घालून त्यांनी तेही लिहिलं. घोरण्यापाशी आलो तेव्हा पेन थांबलं.

“घोरून दाखवलं?”

“स्वतः नाही. दुसऱ्याचं भरून पाठवलं, तुमच्यासाठी.”

त्या हसल्या, आणि हसता हसताच डोळे पुसले. मग विचारलं, “आवाज कसा होता?”

मी तोंड उघडलं. उभा जन्म आवाजात गेला. बास किती, वरची धार किती, कुठल्या यंत्रात काय बिघडलंय, हे मी दारातून ऐकून सांगायचो. जाड होता म्हणू? जरा घोगरा म्हणू? हजार माणसं जाड आणि घोगरी असतात.

“नाही सांगता येत, सिस्टर,” मी म्हणालो.

“असू दे. शेवट काय होता?”

“शेवटी तुमच्याशीच बोलले. गाडी रात्रीची असते, घरी पोचायला उशीर होईल, म्हणाले. मग म्हणाले, ‘ठके, जागत बसू नको हं. मी आलो की उठवीन तुला.’ तिथे टेप संपली.”

सिस्टरने ते लिहिलं नाही. “आई सांगायची,” त्या म्हणाल्या, “मी लहानपणी झोपतच नसे. दाराकडे तोंड करून बसायचे.”

हिने स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावला.

“परत म्हणा ते. ते म्हणाले तसं.”

मी म्हणालो. माझ्या आवाजात, पण त्यांच्या चालीत, जितकं कानात होतं तितकं.

“आता मी म्हणते. चुकलं तर सांगा.” त्यांनी पाठ सरळ केली. “ठके, जागत बसू नको हं, मी आलो की उठवीन तुला.”

“‘हं’नंतर थांबले होते जरा. श्वास घेतल्यासारखे.”

“ठके, जागत बसू नको हं. मी आलो की उठवीन तुला.”

“‘उठवीन’ वर जोर नाही. तिथे आवाज खाली गेला होता. थोडं हसू होतं त्यात.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा मी सांगितलं. पाचव्या की सहाव्या वेळी ते कानाला बरोबर लागलं. मी नुसता हात वर केला. त्यांनी आणखी एकदा तसंच म्हणून पाहिलं, आणि तेही बरोबर आलं.

कागदाची घडी करून त्यांनी पेन खिशाला लावलं. कॅसेट मागून घेतली, रुमालात गुंडाळली. पाण्याचा पेला उचलून उभ्याउभ्या अर्धा प्यायल्या आणि हिला परत दिला. चपला घातल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना दुसरं काही बोलायचं नव्हतं, कारण त्यांचे ओठ हलत होते.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. त्या एकेक पायरी उतरत हळू आवाजात तेच म्हणत होत्या. वळणावर एकदा चुकल्या, थांबल्या, परत सुरुवातीपासून म्हणाल्या आणि खाली गेल्या.